पोलिस दिसला नाही, तरी चालान आलं : रस्त्यावरचा वेग नेमका मोजतात कसा?

शिर्डीचं दर्शन झालं, गाडी सुखरूप घरी लागली, प्रसाद वाटून झाला. दोन-चार दिवसांनी मोबाइल वाजतो. अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, तुमच्या गाडीने वेगमर्यादा ओलांडली, दंड भरा. मग पानठेल्यावर एकच विषय. "आमाले तं रस्त्यात कोनी थांबोलंच नाही, मंग चालान आलं कोठून?" एक जण सांगतो की वरून उपग्रह बघतो. दुसरा म्हणतो की टोलवाले पोलिसांना कळवतात. तिसरा छातीठोकपणे सांगतो की आरशाला जुनी सीडी लटकवली की कॅमेरा आंधळा होतो.

हे प्रश्न आपल्याकडे आत्ताच पडायला लागले, याला कारण आहे. इतकी वर्षं विदर्भातल्या रस्त्यांवर वेगमर्यादा पाळून घ्यायचं काम खड्डेच करत होते. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ रोजी. पूर्ण लांबी ७०१ किलोमीटर. नागपूर, वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा अशा जिल्ह्यांतून हा सरळसोट रस्ता गेला आणि ज्या गाडीने कधी ऐंशीच्या वर दम घेतला नव्हता ती एकशेतीसला पळायला लागली. रस्ता बदलला तशी वेग पकडायची रीतही बदलली, आणि ती रीत कोणी नीट सांगितली नाही.

मर्यादा नुसती रस्त्याची नाही, गाडीचीही असते

फलकावर १२० दिसलं की आपण समजतो सगळ्यांना १२०. तसं नाही. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये अधिसूचना काढून गाडीचा प्रकार आणि रस्त्याचा प्रकार यांची जोडी लावून कमाल वेग ठरवले. ड्रायव्हर सोडून आठपर्यंत सीटच्या गाडीला, म्हणजे आपल्या नेहमीच्या कारला, द्रुतगती मार्गावर १२०, मधे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १०० आणि बाकीच्या रस्त्यांवर ७०. ड्रायव्हर सोडून नऊ किंवा जास्त सीट असतील, तर तीच मर्यादा अनुक्रमे १००, ९० आणि ६०. मालवाहू गाडीला द्रुतगती आणि चौपदरी दोन्हीकडे ८०, इतरत्र ६०. मोटारसायकलला चौपदरीवर ८०, साध्या रस्त्यावर ६०. समृद्धीवर तर दुचाकी, तीनचाकी आणि ट्रॅक्टर यांना मज्जावच आहे.

हे आकडे वरची हद्द सांगतात. शाळा, गाव, घाट, पूल पाहून राज्य सरकार त्याहून कमी मर्यादा लावू शकतं, आणि तिथे लावलेला फलकच खरा.

यात आपली माणसं सगळ्यात जास्त फसतात ती वऱ्हाडाच्या गाडीत. बारा-तेरा सीटची क्रूझर दिसते जीपसारखी, चालवणाराही तिला जीपच समजतो. कायद्याच्या लेखी मात्र ती छोट्या बसच्या रांगेत बसते. बाजूने कार ११५ ने बिनधास्त गेली आणि तिच्या मागोमाग ११५ ने गेलेल्या क्रूझरला चालान आलं, तर यात पक्षपात झालेला नाही.

रडार : लहर जाते, बदलून परत येते

वेग मोजायची सगळ्यात जुनी आणि अजूनही भरपूर वापरात असलेली रीत रडारची. तिच्यामागचं विज्ञान रेल्वे फाटकावर उभ्या राहिलेल्या प्रत्येकाने कानाने अनुभवलंय. बडनेऱ्याकडून येणारी गाडी भोंगा वाजवत जवळ येते तेव्हा आवाज चढा लागतो, पुढे निघून गेली की त्याच भोंग्याचा सूर एकदम उतरतो. भोंगा तोच, आपल्याला मिळणाऱ्या लहरी गाडी जवळ येताना दाटतात आणि लांब जाताना विरळ होतात. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ क्रिस्टियान डॉप्लर यांनी १८४२ मध्ये हे गणितात मांडलं. त्यावर लोकांचा विश्वास बसेना, म्हणून १८४५ मध्ये हॉलंडमध्ये उट्रेख्त इथे रेल्वेच्या डब्यात तुतारीवाले बसवून आणि बाहेर सुराचा कान असलेले वादक उभे करून त्याची खातरजमा केली गेली. आज ज्याच्यामुळे आपल्याला चालान येतं त्या विज्ञानाची पहिली परीक्षा अशी बँडबाजा लावून झाली!

रडार आवाजाच्या जागी रेडिओ लहरी वापरतं. वेगमापक रडार सेकंदाला साधारण २४ अब्ज कंपनं असलेली लहर सोडतं. ती धावत्या गाडीच्या पत्र्यावर आपटून परत येते तेव्हा तिची कंपनं थोडी बदललेली असतात. ताशी १०० किलोमीटरने समोरून येणाऱ्या गाडीवरून परतलेल्या लहरीत सेकंदाला सुमारे साडेचार हजार कंपनं जास्त निघतात. २४ अब्जांत साडेचार हजार म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण गेलेली आणि आलेली लहर एकमेकींत मिसळली की हा फरक वेगळा काढता येतो, आणि तो मोजणं इलेक्ट्रॉनिक्सला अगदी सोपं आहे. ताशी एक किलोमीटरमागे सुमारे ४५ कंपनं, असा तो हिशेब.

आता सीडीचं. चकचकीत सीडी रडारची लहर थोडीफार परतवत असेलही, पण तिच्याहून कितीतरी मोठा पत्रा, म्हणजे तुमचं अख्खं बॉनेट, तिथे लहर परतवायला हजर आहेच. वर ती सीडीही गाडीबरोबर तेवढ्याच वेगाने चाललेली असते. लटकवायला हरकत नाही. रात्री मागच्याच्या डोळ्यावर चमकेल, एवढंच.

कॅमेऱ्याचा इतिहास वाचताना हसू आलं ते दुसऱ्याच गोष्टीवर. मौरिस गॅट्सोनाइड्स हे हॉलंडचे नामांकित रॅली ड्रायव्हर, १९५३ ची माँटे कार्लो रॅली जिंकलेले. वळणावर आपली गाडी नेमकी किती वेगाने जाते आणि ती अजून जोरात कशी काढता येईल, हे कळावं म्हणून त्यांनी वेग मोजायचं यंत्र बनवलं. पुढे त्यातूनच पोलिसांचे कॅमेरे निघाले आणि जगभर त्यांच्याच नावाने ओळखले गेले.

लेझर : इंटरसेप्टरमधली बंदूक

महामार्ग पोलिसांची पांढरी इंटरसेप्टर गाडी रस्त्याच्या कडेला उभी दिसते, तिच्यात बहुतेक वेळा लेझरवर चालणारी स्पीडगन असते. इथे लहर किती बदलली हे बघत नाहीत, थेट अंतर मोजतात. डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा ठिपका गाडीवर मारायचा आणि तो परत यायला किती वेळ लागला ते बघायचं. तीनशे मीटरवरच्या गाडीपर्यंत जाऊन परत यायला प्रकाशाला सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी दोन भाग पुरतात. असे कितीतरी ठिपके एकामागून एक, सेकंदाच्या अंशभरात. दर वेळी अंतर किती कमी होत गेलं त्यावरून वेग निघतो. १२० ने पळणारी गाडी एक तृतीयांश सेकंदात अकरा मीटर पुढे आलेली असते.

लेझरचा पट्टा अरुंद असतो. तीनशे मीटरवर तो जेमतेम मीटरभर रुंद होतो. त्यामुळे चार गाड्यांच्या घोळक्यातली एकच निवडून मोजता येते. जुन्या हातातल्या रडारला हे जमत नसे, त्याचा पसारा मोठा. आपल्याला झाडाखालची गाडी दिसते आणि आपण ब्रेकवर पाय ठेवतो, तोवर मोजमाप होऊन गेलेलं असतं. त्या बंदुकीला आपण कितीतरी आधी दिसलेलो असतो.

तिसरी रीत रस्त्याच्या पोटातली. डांबराखाली तारेची दोन वेटोळी ठराविक अंतरावर पुरतात. लोखंडाची गाडी वरून गेली की तारेतला विद्युत प्रवाह हलतो. वेटोळ्यांत दोन मीटरचं अंतर धरलं तर १२० ची गाडी ते सेकंदाच्या शंभर भागांपैकी सहा भागांत ओलांडते आणि ८० ची गाडी नऊ भागांत. रस्ता उकरला की ही यंत्रणा गेली, म्हणून हल्ली खांबावरच्या उपकरणांकडेच कल जास्त.

"कॅमेऱ्यापाशी तं म्या ब्रेक मारला होता!"

ही तक्रार खरी असते, आणि इथेच चौथी रीत येते : सरासरी वेग. रस्त्यावर दोन ठिकाणी कमानी. पहिलीखालून गाडी गेली की नंबर आणि वेळ नोंदवली जाते. दुसरीखालून गेली की पुन्हा नंबर आणि वेळ. मधलं अंतर मोजलेलं असतंच. त्याला लागलेल्या वेळेने भागलं की झालं. रडार नाही, लेझर नाही. चौथीतल्या पोराने सोडवावं असं गणित. दहा किलोमीटर पाच मिनिटांत म्हणजे बरोबर १२०. तेच चार मिनिटांत म्हणजे १५०. दोन्ही कमानींखालून तुम्ही ऐंशीने हळूच निघालात तरी मधलं सगळं हाणणं बेरजेत येतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून सुरू झालेल्या यंत्रणेत एका जागचा वेग आणि असा सरासरी वेग दोन्ही धरतात. हॉलंडमध्ये ही रीत १९९७ पासून आहे.

घड्याळं जुळली नाहीत तर काय, असं कोणी विचारेल. दोन्हीकडची घड्याळं उपग्रहाच्या वेळेला बांधलेली असतात (पानठेल्यावरच्या उपग्रहाचा संबंध आला तर एवढाच). समजा एका सेकंदाची चूक झाली, तरी पाच मिनिटांच्या अंतरात १२० च्या जागी १२०.४ येईल. तेवढ्यावरून कोणाचं चालान फाटत नाही. या रीतीची मोठी उणीव चालकाच्याच फायद्याची : मधे कुठे चहाला थांबलात की सरासरी खाली येते आणि आधीची भरधाव माफ होते.

टोलचं म्हणाल, तर समृद्धीवर कुठे चढलात आणि कुठे उतरलात यावर पैसे कापतात, त्यामुळे दोन्ही वेळा नोंदवल्या जातात हे खरं. पण वेगाच्या ई-चालानला काय पुरावा लागतो हे नियमात लिहिलेलं आहे, ते पुढे येतंच आहे. नुसती टोलची पावती त्यात बसत नाही.

अंधारात नंबर कसा वाचतो?

वेग मोजून भागत नाही. गाडी कोणाची हे कळायला हवं. ते काम नंबर वाचणारा कॅमेरा करतो. रात्री तो अवरक्त प्रकाश टाकतो, जो आपल्याला दिसतच नाही. नंबरप्लेटवरचा चकाकणारा कागद असा बनवलेला असतो की प्रकाश जिकडून आला तिकडेच परत जातो. म्हणून मिट्ट काळोखात, हेडलाइटच्या झगमगाटातही, कॅमेऱ्याला गाडी काळी आणि पाटी लख्ख दिसते. मग संगणक एकेक अक्षर सुटं करून ओळखतो.

नियमाने पाटीवर इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच हवेत, ठराविक मापाचे. आपल्याकडे ४१४१ वळवून 'दादा' आणि २१४ वळवून 'राम' लिहायची हौस गावोगाव. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली आणि पुढे जुन्या गाड्यांनाही लावायला सांगितली, त्यामागे चोरीला आळा घालण्याबरोबर हेही एक कारण : सगळीकडे एकसारखं अक्षर, एकसारखी चकाकी. काळ्या मातीचा चिखल माखून पाटी लपवणारेही आहेत. त्याला वेगळा दंड आहे, आणि चिखल वाळून केव्हा गळून पडेल याचा नेम नाही.

संगणक चुकतोही. इंग्रजी बी आणि आठ, डी आणि शून्य यांत गफलत होते, विशेषतः पाटी वाकलेली किंवा रंग उडालेली असली तर. कोणी दुसऱ्याच्याच नंबरची पाटी लावून फिरत असेल, तर यंत्र बिचारं जे दिसलं तेच वाचणार.

यंत्रावर भरवसा का ठेवायचा?

कापूस विकायला गेलेला कास्तकार जिनिंगच्या काट्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. वैधमापन खात्याचा यंदाचा शिक्का आहे का बघतो, रिकामी गाडी आधी तोलून घेतो, शंका आली तर बाहेरच्या धर्मकाट्यावर जातो. काटा म्हणजे चोर असं तो म्हणत नाही, आणि काटा म्हणजे देव असंही नाही. वेगाचा कॅमेरा हाही एक काटाच आहे. त्याच्याशी वागायचं तेही असंच.

त्याचा शिक्का कुठे असतो? केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७ अ हा नियम घातला गेला. त्यानुसार वेग मोजणाऱ्या उपकरणाला राज्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं आणि ते दरवर्षी नवं करावं लागतं. कॅमेऱ्याची नजर असलेल्या रस्त्यावर आधी तसा फलक लावावा लागतो. चालानमध्ये गुन्हा आणि गाडीचा नंबर दिसेल असा फोटो, उपकरणाने मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण आणि कायद्याचं कोणतं कलम मोडलं, हे सगळं हवं. गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांच्या आत पाठवायची आणि प्रकरण निकाली निघेपर्यंत इलेक्ट्रॉनिक नोंद जपून ठेवायची. हा नियम पाठ असणारे चालक मला तरी फार भेटले नाहीत. दंड माफ कसा होईल हे सांगणारे मात्र पुष्कळ.

मापातली चूक कोणाच्या बाजूने पडते, हेही बघण्यासारखं आहे. रडार रस्त्याच्या अगदी रेषेत नसतं, बाजूला थोडं तिरकं असतं. सरळ येणाऱ्या गाडीचा वेग तिरक्या कोनातून मोजला की कमी भरतो, जास्त नाही. वीस अंशांचा कोन असेल तर १०० च्या जागी ९४ दिसतील. पक्क्या बसवलेल्या यंत्रात हा कोन हिशेबात धरून आकडा दुरुस्त करतात. म्हणून यंत्र बसवताना कोन चुकला तर घोळ होऊ शकतो, आणि दरवर्षीच्या तपासणीला अर्थ आहे तो यामुळेच.

दुसरी गोष्ट आपल्या डॅशबोर्डवरची. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नसतो. जास्त दाखवला तर चालतो, अगदी १०० ला ११४ पर्यंत. त्यामुळे "माझ्या मीटरवर ११८ च होते, चालानवर १२८ आले" या तक्रारीत पाणी मुरतंय असं समजावं. कंपनीने दिलेल्या मापापेक्षा मोठे टायर टाकले असतील तर गोष्ट वेगळी. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, आणि ते मीटरला कळत नाही.

"बाजूच्या गाडीचा वेग माझ्या माथी मारला"

हे होऊ शकतं का? जुन्या साध्या रडारमध्ये होऊ शकायचं. आताची यंत्रं अंतर आणि कोन दोन्ही बघून गाडी कोणत्या लेनमध्ये आहे ते ठरवतात, एकाच वेळी अनेक गाड्यांचा माग ठेवतात आणि फोटोत ज्या गाडीचा वेग मोजला तिच्यावर खूण करतात. म्हणून चालान आलं की पहिल्यांदा फोटो उघडायचा. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चालान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक टाकले की तो दिसतो. गाडी आपलीच आहे का? रंग, मॉडेल, मागच्या काचेवरचं स्टिकर? त्या दिवशी ती तिथे होती का? फोटोत दोन गाड्या बाजूबाजूला असून खूण कोणावरच नसेल तर हरकत घ्यायला जागा आहे. मर्यादा कोणती धरली तेही वाचावं. कारला मालवाहूची लावली असेल तर तिथेच तक्रार करावी. संकेतस्थळावर आणि महाट्रॅफिक अ‍ॅपवर तक्रारीची सोय आहे. तिथे दाद लागली नाही तर न्यायालय आहेच.

गावच्या रस्त्यावर कॅमेरा का दिसत नाही?

खांबावरच्या कॅमेऱ्याला चोवीस तास वीज लागते, नेटवर्क लागतं आणि राखण लागते. आपल्या तालुक्याच्या रस्त्यांवर यातलं काय भरवशाचं आहे ते आपण जाणतो. शिवाय पैसा आधी जास्त वर्दळीच्या, जास्त धोक्याच्या रस्त्यांवर खर्च होतो. त्यामुळे आर्णी, रिसोड, सिंदेवाही अशा भागातल्या आतल्या रस्त्यांवर वेग पकडला गेलाच तर तो इंटरसेप्टर गाडीकडून.

"पोलिसानं नुसतं पाहून सांगतलं का मी जोरात होतो" असं कोणी म्हणत असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८३ त्याच्या बाजूने आहे. एका साक्षीदाराला गाडी जोरात वाटली एवढ्यावर वेगाचा गुन्हा शाबीत होत नाही. त्याच्या अंदाजाला यंत्राच्या मोजमापाचा आधार लागतो. हीच तरतूद स्पीडगनच्या मुळाशी आहे.

पण कॅमेरा नाही म्हणून धोका कमी आहे असं समजायचं कारण नाही. द्रुतगती मार्गाला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे. गावच्या रस्त्याला वावर लागून आहे. सीतादहीच्या, म्हणजे कापूस वेचणीच्या, दिवसांत पहाटेपासून बैलबंड्या निघतात, कापसाने फुगलेल्या ट्रॅक्टर ट्रॉलीला मागे लाल दिवा नसतो, आणि संध्याकाळी तुरीतून रोही (नीलगाय) निघाला तर तो हॉर्नला घाबरून बाजूला होत नाही, थेट अंगावर येतो.

"हा सगळा वसुलीचा धंदा आहे"

हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. मर्यादा १०० वरून एकदम ६० वर आणायची, फलक झुडपाआड ठेवायचा आणि शंभर मीटरवर बंदूक घेऊन उभं राहायचं, याला सुरक्षा म्हणत नाहीत. आधी सूचना देण्याची अट नियमात आहे ती याचसाठी, आणि ती जिथे पाळली जात नाही तिथे गावाने फोटो काढून लेखी तक्रार करावी. कॅमेरा लावायचा हेतू गाड्या हळू व्हाव्यात हा असेल, तर तो लपवण्यात काही अर्थच नाही.

मात्र वेगाचं गणित सरकारने बनवलेलं नाही. ८० ने जाणाऱ्या चालकाला समोर काही दिसलं आणि ब्रेक दाबायला दीड सेकंद लागला, तर तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे जाते. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने थांबायला आणखी ३५ मीटर लागतात. १२० ला हेच आकडे ५० आणि ७९ होतात. म्हणजे वेग दीडपट आणि थांबायचं अंतर जवळजवळ दुप्पट. जागतिक आरोग्य संघटना सांगते की रस्त्यावरचा सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. भारतात २०२२ मध्ये रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. सरकारी नोंदीप्रमाणे त्यातले ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर आहेत. ही नोंद ठाण्यातला हवालदार करतो आणि 'अतिवेग' हा रकाना भरायला सगळ्यात सोपा, हे धरूनही आकडा लहान होत नाही.

आणि मिळतं काय? नागपूरहून समृद्धीच्या मुंबईकडच्या टोकापर्यंत न थांबता १२० ने गेलात तर ५ तास ५० मिनिटं. १४० ने गेलात तर ५ तास. मधे जेवण, डिझेल, पोरांचं उलटी-पाणी धरलं की ती पन्नास मिनिटं कुठे गेली तेही कळत नाही.

कॅमेऱ्याच्या हातात नसलेल्या गोष्टीही आहेत. सरळ, एकसुरी रस्त्यावर पहाटे तीनला लागलेली डुलकी तो पकडत नाही. ८० च्या मर्यादेत ८० नेच जाणारा, पण रात्रभर न झोपलेला ट्रकवाला त्याच्या लेखी गुणी चालक असतो.

ड्रायव्हरच्या मागे बसलेला मालक

हलक्या गाडीला कायद्यात १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम व अवजड गाडीला २,००० ते ४,००० रुपये दंड आहे, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्याच कलम १८३ मध्ये पुढे जे लिहिलंय ते सहसा कोणी सांगत नाही. नोकराला किंवा आपल्या हाताखालच्या माणसाला मर्यादेबाहेर गाडी चालवायला लावणारा मालकही दंडाला पात्र आहे. एखादं वेळापत्रक छापलं किंवा "इतक्या वाजता गाडी पोचलीच पाहिजे" असा हुकूम दिला, आणि मर्यादा पाळून ते शक्य नाही असं न्यायालयाला वाटलं, तर तो हुकूम हाच मालकाविरुद्धचा प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. ट्रॅव्हल्सवर रात्रपाळी करणाऱ्या, संत्र्याची गाडी पहाटेच्या बाजाराला पोचवणाऱ्या पोरांनी हे कलम मोबाइलमध्ये जपून ठेवावं. दंड बहुतेक वेळा त्यांच्याच पगारातून कापला जातो.

चालान कोणाच्या नावावर?

कॅमेऱ्याला चालक दिसला तरी तो कोण हे कळत नाही. नोटीस जाते आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव आहे त्याला. आपल्याकडे गाडी विकायची म्हणजे शंभराच्या स्टॅम्पवर सही, हातात नगद आणि चावी. नावावर करून घेणं राहून जातं. मग दोन वर्षांनी वणीत कोणीतरी हाणलेल्या गाडीचं चालान कारंज्यातल्या जुन्या मालकाला येतं. राज्यातल्या राज्यात विकली तरी विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म २९ आणि ३० त्याचसाठी आहेत. मोबाइल नंबर बदलला असेल तर तोही आरटीओच्या नोंदीत बदलून घ्यावा, नाहीतर चालानं साचत जातात आणि पत्ता लागतो तो फिटनेसच्या किंवा विक्रीच्या वेळी.

सध्या मोबाइलवर चालानच्या नावाने आणखी एक गोष्ट येते आहे. अनोळखी नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज, गाडीचा नंबर कधी बरोबरही असतो, आणि सोबत एक फाइल : 'चालान बघण्यासाठी हे अ‍ॅप टाका'. ते अ‍ॅप टाकलं की मोबाइलवरचे बँकेचे मेसेज चोराच्या हातात जातात. खरं चालान कधीही अ‍ॅपची फाइल म्हणून येत नाही. मेसेजमधली लिंक दाबू नये. सरकारी संकेतस्थळ स्वतः उघडून आपल्या गाडीचा नंबर टाकावा, तिथे चालान नसेल तर ते नाहीच. फाइल उघडून पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा आणि बँकेला खातं थांबवायला सांगावं.